तेवीस नंबर कुणाचा

आमच्याकडे सकाळी रस्त्यात कुणी भेटलं की ‘सुगेंग एंजिंग’ म्हणतात. सुगेंग म्हणजे खुशाल, सुखरूप, आणि एंजिंग म्हणजे सकाळ. आता एखाद्या माणसाचं नावच सुगेंग असेल, आणि त्यातून गल्लीतल्या अठ्ठेचाळीस घरांचं इंटरनेट त्याच्या पडवीतून जात असेल, तर त्याची सकाळ कशी जाईल? रस्त्यात कुणीही कुणालाही नमस्कार केला की लिक सुगेंगांचं डोकं खिडकीतून बाहेर.

“काय झालं? कुणाचं बंद पडलं?”

“कुणाचं नाही, लिक. मी यांना सकाळ म्हटलं.”

“मग माझं नाव कशाला घेता उठल्या उठल्या,” म्हणून डोकं परत आत.

हा प्रकार पाच वर्षं चालला. काही लोक तर मुद्दाम त्यांच्या खिडकीखाली येऊन मोठ्याने सुगेंग एंजिंग म्हणायचे. मीही म्हटलंय.

लिक म्हणजे काका. माझे ते सख्खे, चुलत असे कुठलेच काका नव्हते, अख्ख्या गल्लीचेच लिक होते. मूळ धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा. जिल्ह्याच्या गावी, तुलुंगागुंगच्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी बारा वर्षं तारांना कथलाचे डाग दिले. बायको अठ्ठ्याण्णव साली मलेशियात कामाला गेली. पहिली दोन वर्षं तिची पत्रं आली, मग नुसते निरोप आले, मग निरोप आणणारेही लिकांना बघून रस्ता बदलायला लागले. आमच्या भागात हे इतकं सर्रास आहे की त्यावर कुणी गळा काढत बसत नाही. घरटी एक माणूस तैवान, हाँगकाँग नाहीतर मलेशियात. गावात जेवढी म्हणून फरशी लावलेली घरं आहेत, त्या प्रत्येकाच्या मागे कुणीतरी कुठेतरी परक्याच्या म्हातारीला अंघोळ घालत असतं.

नेट आणायचं लिकांच्या डोक्यात आलं ते याच लोकांसाठी. एक जाड कनेक्शन घेतलं, नेट वाटणारा एक पांढरा डबा घेतला, आणि फणसाच्या झाडांवरून, बांबूच्या खांबांवरून, एका ठिकाणी तर थेट नमाजघराच्या न्हाणीवरून तारा ओढून घराघरांत नेल्या. शिकवायला कुणी नव्हतं. कुणाकडून तरी आणलेली झेरॉक्सची चोपडी होती, तिची पानंही मागेपुढे शिवलेली. त्यामुळे लिक आधी शेवट शिकले आणि मग सुरुवात.

डब्याची सगळी भाषा इंग्रजी, आणि लिकांचं इंग्रजी रेडिओच्या पाठीवर छापलेलं असतं तेवढंच. बाहेरच्या जगात अठ्ठेचाळीस घरांना मिळून पत्ता एकच. म्हणून घरातून निघालेली प्रत्येक मागणी बाहेर सोडताना तिच्या तोंडावर गल्लीचा मुखवटा चढवायचा, आणि उत्तर आलं की मुखवटा काढून ज्याचं त्याला द्यायचं. डब्यात या कामाचं नाव होतं मास्करेड. लिकांनी ते आमच्या जिभेने वाचलं: मास केरादे. मास म्हणजे दादा.

“हे मास केरादे कोण?” लोक विचारायचे.

“आत बसलेत. तुम्ही काय काय बघता ते बाहेर कुणाला कळू देत नाहीत.”

“मग भला माणूस दिसतोय.”

तेव्हापासून नेट रेंगाळलं की गल्लीतून आवाज यायचा, “लिक, मास केरादे जेवायला गेलेत काय?” लिकांनी गंमत म्हणून डब्यावर जाड पेनाने ते नाव लिहूनही टाकलं.

मी शहरातल्या धंदेशिक्षणाच्या शाळेत तीन वर्षं हेच शिकलो होतो. प्रमाणपत्राला आईने चौकट केली आहे. त्यामुळे मास केरादे नावाचा कुणी दादा नाही हे गल्लीत एकट्या मला माहीत होतं. पण बियाण्याच्या दुकानात बिलं लिहिणाऱ्या माणसाने आपलं शिक्षण फार मिरवू नये. शिवाय अक्षर चांगलं म्हणून गल्लीच्या सभेचं टिपण माझ्याकडे होतं, तेवढा मान मला पुरत होता.

आता म्बाक रुमिनीबद्दल सांगायला हवं. म्बाक म्हणजे ताई. लिक सुगेंगांच्या चुलत बहिणीची ही मुलगी, म्हणजे हिचे ते खरोखरचे लिक, आमच्याकडे मामालाही लिकच म्हणतात. सहा वर्षं तैवानात, एका म्हातारीची शुश्रूषा करायला. इकडे तिची स्वतःची आई, गल्लीची आजी म्हणून म्बाह कासिनेम, भिंतीला धरून चालायची. घरात म्हातारी आणि जावई पोनिमिन, दोघंच. पोनिमिन स्वभावाने गोड. काम विचारलं तर ‘बायकोचं घर सांभाळतो’ असं सांगायचा आणि स्वतःच हसायचा, म्हणजे दुसऱ्याला हसायची जागा राहत नसे.

२०१३ साली रुमिनीने फोन करून लिकांना सांगितलं, “पुढच्या खोलीत कॅमेरा लावा. मला इथून आई दिसली पाहिजे.”

कॅमेरा लावणं सोपं. तो तैवानातून दिसणं अवघड, कारण मुखवट्यामागच्या घरात बाहेरून कुणाला शिरताच येत नाही. त्यासाठी डब्यात एक दार उघडावं लागतं आणि सांगावं लागतं, या दाराने कुणी आलं की त्याला अमुक नंबरकडे ने. गल्लीतल्या प्रत्येक यंत्राला डबा एकेक नंबर वाटतो. रुमिनीच्या घरच्या कॅमेऱ्याला मिळाला तेवीस.

त्या दिवशी सकाळी मी तिथे होतो. कॅमेरा बसला होता, पोनिमिनने कॉफी आणली होती, म्बाह कासिनेम नवा झगा घालून खुर्चीत बसल्या होत्या. लिकांनी मांडीवरच्या लॅपटॉपवर दार उघडलं, तेवीस लिहिलं, आणि माझ्याकडे वळले.

“तू शिकलायस हे. असं ठीक ना?”

ठीक नव्हतं. डबा नंबर देतो तो कायमचा नव्हे, भाड्याने देतो. वीज जाऊन आली, तर तेवीस उद्या दुसऱ्याच कुणाला जाईल. तो पक्का करायला एक खूण करावी लागते. झेरॉक्सच्या चोपडीतलं ते पान बहुधा गळालेलं होतं. मला परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न आला होता आणि पाचही मिळाले होते.

पण समोर जावई बसलेला, म्हातारी बसलेली, आणि लिक माझ्या बापाच्या वयाचे. चारचौघांत मोठ्या माणसाची चूक काढायची आमच्याकडे पद्धत नाही. मी म्हटलं, “इंग्गिह.”

या शब्दाचा अर्थ हो असा सांगतात. ते खरं नाही. ऐकलं, तुम्ही मोठे, बरं येतो मी, माझं डोकं खाऊ नका, एवढं सगळं इंग्गिहमध्ये बसतं. लग्नाला येणार का म्हटल्यावर येणारा माणूस एकदा इंग्गिह म्हणतो आणि न येणारा तीनदा. मी एकदाच म्हटलं. लिकांनी ते हो म्हणून घेतलं.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. रोज संध्याकाळी सात वाजता पोनिमिन अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचा, सासूचे केस विंचरायचा, आणि दोघं कॅमेऱ्यासमोर ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखी ताठ बसायची. पोनिमिन मधूनच हात हलवायचा. रविवारी रुमिनीचा फोन यायचा, “आईला निळा झगा चांगला दिसतो,” वगैरे. कौतुकाने लोक त्यांच्या खिडकीतून डोकवायचे.

मग यू सातीनेही कॅमेरा मागितला. यू म्हणजेही ताईच, जरा गावठी वळणाची. नवरा वारलेला, गल्लीच्या तोंडाशी तिचं कॉफीचं दुकान. बाहेर ठेवलेले गॅसचे हिरवे सिलिंडर कुणीतरी उचलून नेत होतं, म्हणून तिला कॅमेरा हवा होता. लिकांनी तसलाच कॅमेरा आणला, आतल्या चुलीपासून बाहेरच्या सिलिंडरपर्यंत सगळं दिसेल असा लावला, तेच नाव आणि तोच गुप्तशब्द ठेवला. ‘दोन वेगळे ठेवले तर मीच विसरेन,’ म्हणाले.

ऑक्टोबरात ट्रान्सफॉर्मर जळला. दोन दिवस गल्लीत वीज नव्हती. पोनिमिनने खबरदारी म्हणून कॅमेऱ्याची पिन काढून ठेवली. एवढी खबरदारी त्याने आयुष्यात पहिल्यांदाच घेतली असेल. तिसऱ्या दिवशी पहाटे वीज आली तेव्हा सातीचं दुकान उघडलेलं होतं. डबा जागा झाला, नंबर वाटायला बसला, आणि समोर आलेल्या सातीच्या कॅमेऱ्याला त्याने तेवीस देऊन टाकला. पोनिमिनला पिन लावायची आठवण दुपारी झाली. त्याच्या कॅमेऱ्याला एकेचाळीस मिळाला. एकेचाळीसकडे जाणारं दारच नव्हतं.

आणि दार उघडून तैवानातून जी बघत होती, तिला त्या दिवसापासून सातीचं दुकान दिसायला लागलं.

आता हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पोनिमिन रोज सातला शर्ट घालून बसतच होता. सासूचे केस विंचरत होता, मध्येच हात हलवत होता, आणि बघणारं कुणी नव्हतं. बाकी दिवसभर तो जिथे असायचा तिथे त्याला कुणी बघत नाही अशी त्याची समजूत होती. रविवारी फोनवर त्याने विचारलंही, “नीट दिसतंय ना गं?”

“दिसतंय,” रुमिनी म्हणाली. “सगळं दिसतंय.”

हे त्याने स्वतः माझ्या बियाण्याच्या दुकानात येऊन कौतुकाने सांगितलं. वीज जाऊन आल्यावर चित्र आणखी साफ झालंय म्हणाला.

एकोणीस दिवस असे गेले. मग सातीने तक्रार केली की दुकानातलं नेट बसलंय, गिऱ्हाइकांचे व्हिडिओ फिरत राहतात. लिकांनी मास केरादेंना दोन शिव्या घालून यादी उघडली. मी सभेच्या पावत्या द्यायला गेलो होतो. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“हे बघ. तैवानातून कुणीतरी सकाळी येतं, दुपारी येतं, संध्याकाळी येतं. तास तास थांबतं. तेवीसवर. आणि तेवीस कोण?”

यादीत तेवीससमोर त्यांनीच लिहिलेलं नाव होतं: साती दुकान.

लिकांनी त्या नावावर बोट ठेवलं. मग लिक म्हणाले, “एकोणीस दिवस. आणि पोरीने एकदाही विचारलं नाही, लिक, आईच्या जागी कॉफीचं दुकान का दिसतंय.”

त्यांनी दार एकेचाळीसकडे वळवलं. नंबर पक्का करायची खूण या खेपेलाही केली नाही, आणि या खेपेलाही मी ते पाहिलं. आता सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग त्या दिवशी का नाही बोललास.

दुसऱ्याच दिवशी रविवार होता. लिक तारेला टोक बसवत होते, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून फोन वाजल्यावर त्यांनी तो मला बाकावर ठेवून मोठ्या आवाजात लावायला सांगितला. रुमिनी होती.

“लिक, काल तुम्ही काहीतरी बदललंत.”

“चूक झाली होती गं. नंबर उलटेपालटे झाले होते. आता केलं नीट. आई दिसते ना?”

“दिसते. तुम्ही ते परत तसं करा.”

लिकांच्या हातातली पकड थांबली. “कसं?”

“होतं तसं. दुकान दाखवा मला.”

“रुमिनी, अगं ते दुसऱ्याचं दुकान आहे.”

“माझा नवरा तिथे कॉफी गाळतो, लिक. तुम्हाला माहीत आहे? गिऱ्हाईक आलं की तो उठतो. साखरेचा डबा कुठे आहे हे त्याला न बघता सापडतं. माझ्या घरात सहा वर्षांत त्याने साखरेचा डबा पाहिला नाही, आईला विचारतो.”

लिकांनी तारेचं टोक पुन्हा पकडीत धरलं. आमच्याकडे पुरुष कॉफीचा खालचा गाळ काडीने सिगारेटवर लावतात, नक्षी काढतात, वाळवतात आणि मग ओढतात. दुपार घालवायचा तो एक उद्योग आहे. ज्याची त्याने आपली काढायची.

“ती त्याची सिगारेट रंगवून देते,” रुमिनी म्हणाली. “बारीक बारीक ठिपके काढून. आणि तो हसतो. कॅमेऱ्यासमोर हात हलवताना हसतो तसं नाही.”

“आणि तुझी आई?” लिकांनी हळूच विचारलं.

“आईला मी जन्मभर बघितलंय. नवऱ्याला बघितलं नव्हतं. थोडे दिवस, लिक. मला नीट कळू दे, मग मी ठरवीन काय ते. एवढं करा.”

लिक सुगेंग म्हणाले, “इंग्गिह.”

फोन बंद झाला. मी म्हटलं, “खरंच करणार तुम्ही?”

“मी इंग्गिह म्हटलं.”

“लिक, ते तर आपण दारावर साबण विकायला येणाऱ्यालाही म्हणतो.”

“तू आणि मी म्हणतो. ती सहा वर्षं बाहेर आहे. तिकडे हो म्हणजे हो असतं. तिने तसंच घेतलं असणार.” मग पकड खाली ठेवून म्हणाले, “बघू दे तिला. ज्याला बघायला मिळत नाही त्याचं काय होतं ते मला विचार.”

बायकोचा विषय त्यांनी काढलेला मी त्या एकदाच ऐकला, आणि तोही तिचं नाव न घेता.

दारं दोन उघडता येतात. एक तेवीसचं, एक एकेचाळीसचं. तिला दुकानही दिसलं असतं आणि आईही. एवढं साधं आहे ते. लिकांच्या चोपडीत एकाच दाराचं उदाहरण होतं, म्हणून त्यांना वाटायचं गल्लीला पत्ता एक, तसं दारही एकच. मला माहीत होतं. मी पावत्या मोजल्या, चपला घातल्या आणि घरी आलो.

अकरा दिवसांनी म्बाह कासिनेम पडल्या.

दुपारची नमाज आटोपून त्या पुढच्या खोलीत येत होत्या. भिंतीला धरलेला हात सुटला, आणि त्या खुर्ची आणि कपाट यांच्या मधे पडल्या, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. हाकेला आवाज नव्हता. तीन वाजल्यापासून सूर्य बुडेपर्यंत तशाच होत्या. कॅमेरा चालू होता, त्याचा लाल दिवा लागलेला होता. तैवानातली म्हातारी त्या वेळेला झोपायची, म्हणून रुमिनीला रोज तेवढे दोन तास मोकळे मिळायचे. त्या दोन तासांत ती सातीचं दुकान बघत होती. पोनिमिन सहाला अंघोळीला आला तेव्हा त्याला सासू दिसली.

खुब्याचं हाड गेलं होतं.

सगळ्या गल्लीत एकच प्रश्न: कॅमेरा असताना हे झालंच कसं? तैवानातून पोरगी रोज बघत होती ना? मग तिने फोन कसा केला नाही? लिकांनी त्याच रात्री दार एकेचाळीसकडे वळवलं होतं. पण तोवर पोनिमिनने बायकोला फोन करून विचारलं होतं, आणि ती एवढंच म्हणाली होती की त्या दिवशी मला घर दिसलं नाही. हे खोटं नव्हतं.

आठवड्याने पाक एर्तेंच्या ओसरीवर सभा झाली. पाक एर्ते म्हणजे गल्लीचे प्रमुख, निवृत्त मास्तर, प्रश्न विचारला की उत्तरही स्वतःच देणारे. चटया, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, कॉफी. कॉफी सातीच्या दुकानातूनच आली होती, आणि ती बायकांच्या बाजूला खांबाआड बसली होती. मी वही उघडून बसलो.

पोनिमिन बोलायला उठला. आवाजात खरंच पाणी होतं. “मी कुणाला दोष देत नाही. पण कॅमेरा आईंसाठी लावला होता. त्या दिवशी त्यातून घर दिसत असतं तर बायकोचा मला पाच मिनिटांत फोन आला असता. मी धावत आलो असतो.”

“कुठून?” असं मागून कुणीतरी हळूच म्हणालं. दोन माणसं शेंगा सोलता सोलता खाली बघून हसली. पाक एर्तेंनी खाकरून सभा जाग्यावर आणली.

“लिक सुगेंग, नंबर बदलला होता हे खरं?”

“इंग्गिह.”

“वीज गेल्यामुळे आपोआप? का हाताने?”

लिकांनी वर पाहिलं. रुमिनीचा फोन मी ऐकला होता, हे त्यांना आणि मला दोघांनाच ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. मी तारीख लिहीत होतो. तारीख लिहायला माणूस किती वेळ लावू शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

“हाताने,” लिक म्हणाले.

“तुमच्या?”

“इंग्गिह.”

“कुणी सांगितलं होतं का तसं करायला?”

लिकांनी चटईची काडी ओढली. सांगितलं तर रुमिनीचं नाव. रुमिनीचं नाव घेतलं तर पुढचा प्रश्न कशासाठी, आणि त्याचं उत्तर खांबाआड बसलेलं. पोनिमिनने अजून एकदाही विचारलं नव्हतं की नंबर वळवला तो कुणीकडे. न विचारण्यात तो फार हुशार निघाला.

“म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं,” पाक एर्तेंनी सवयीप्रमाणे उत्तर दिलं. “तुमच्याच हातून झालं. चूक तुमची.”

“इंग्गिह, पाक.”

हा शब्द तिथे बसलेल्या प्रत्येकाने जन्मापासून ऐकलेला. तो हो नसतो हे प्रत्येकाला पाठ. त्या दिवशी सगळ्यांनी तो हो म्हणून घेतला, कारण सगळ्यांच्या सोयीचा होता. माझ्याही. मी वहीत लिहिलं: श्री. सुगेंग यांनी चूक कबूल केली. खाली रेघ मारली. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं.

“मास केरादेंचं काय म्हणणं आहे?” उठताना कुणीतरी लिकांना विचारलं. लोक हसले. लिकही हसले, चपला शोधत.

महिन्याभरात तारा उतरायला लागल्या. भांडण कुणी केलं नाही, आमच्याकडे कुणी करत नाही. एकेक जण सकाळी यायचा, “लिक, मुलाने फोनवर वेगळं नेट घेतलंय,” म्हणायचा, आणि लिक म्हणायचे इंग्गिह. घरात काय काय कॅमेरे आहेत आणि ते तैवानला दिसतात की जपानला, याची लोकांना धास्ती बसली होती. बायका पुढच्या खोलीत ओढणी घेतल्याशिवाय येईनात. सातीने स्वतःचा कॅमेरा काढून लिकांच्या पायरीवर ठेवला, पिशवीत घालून, गाठ मारून. आली तशी गेली. सिलिंडर तर पुन्हा चोरीला गेलेच.

म्बाह कासिनेम पुन्हा उठल्या नाहीत. सात महिने अंथरुणावर काढून गेल्या. रुमिनीला सुट्टी मिळाली ती शंभराव्या दिवसाच्या विधीला. तोवर तिने ठरवायचं ते ठरवलं होतं. पोनिमिन आता उघडपणे कॉफी गाळतो. घर तिने भाड्याने दिलं आणि तैवानचा करार आणखी तीन वर्षांनी वाढवला.

जायच्या दिवशी सकाळी मी लिकांच्या पडवीत होतो. तारांची भेंडोळी बांधायला त्यांना माणूस हवा होता. रुमिनी कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून गेली. स्कूटर जरा हळू झाली. मला वाटलं ती उतरेल. तिने एकटीने एक शब्द टाकला असता तर वहीतली ती ओळ मी स्वतः खोडली असती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तिने दोन्ही हात पिशवीवर ठेवूनच मान थोडी लववली आणि रस्त्याने जाणारा कुणीही कुणाला म्हणतो तेच म्हटलं, “येते, लिक.”

“इंग्गिह,” लिक म्हणाले.

स्कूटर वळणाआड गेल्यावर मी भेंडोळ्याला गाठ मारता मारता सगळं बोलून टाकलं. नंबर पक्का करायची खूण, पाच मार्कांचा प्रश्न, दोन दारं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, “दोन दारं?”

“हो, लिक. कितीही उघडता येतात.”

ते त्या पांढऱ्या डब्याकडे वळले. डब्यावरचं नाव अर्धं पुसलं होतं. मग म्हणाले, “पुढच्या भेंडोळ्याला दोरी जास्त घे. सुटतंय ते.”

आता ते पुन्हा बाजारात त्या पायरीवर बसतात. रेडिओ कुणी आणत नाही, मोबाईलचे चार्जर आणतात. सकाळी मी दुकानाकडे जाताना त्यांच्या खिडकीखालून जातो. लोक एकमेकांना अजून तेच म्हणतात, सुगेंग एंजिंग, मोठ्याने, अगदी खिडकीशी. मीही कधी कधी म्हणतो. आतून भांड्याचा आवाज येतो, पाणी ओतल्याचा येतो. डोकं बाहेर येत नाही.